इंटरकूलरची कमाई पंपात घालवू नका

न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि रायगडच्या किनाऱ्यावरील रस्त्यांचा नूरच पालटला. बंदरातून कंटेनर घेऊन निघालेला ट्रेलर कळंबोली, पनवेल मागे टाकून खोपोलीला पोचेपर्यंत फारसा चढत नाही. पुढे बोरघाटात मात्र थोडक्या किलोमीटरांत त्याला सुमारे पाचशे मीटर वर जावे लागते. डोलवीचे पोलाद किंवा थळचे खत नेणाऱ्या गाड्यांनाही देशावर जायचे तर घाट चुकत नाही, आणि गोव्याकडे निघाल्या तर पोलादपूरच्या पुढे कशेडी घाट आहे. अशा चढावर जुन्या टर्बोवाल्या गाडीने दम टाकला की मालकाला एका झटक्यात दोन उपाय सांगितले जातात: इंटरकूलर बसवा आणि पंप वाढवा, म्हणजे पंपातून पडणाऱ्या डिझेलची मात्रा वाढवा. हे दोन उपाय जोडीने सांगण्यातच गफलत आहे. एकाने इंजिनाच्या पोटातली उष्णता उतरते, दुसऱ्याने ती चढते. म्हणून इंटरकूलरने मिळालेला थंडावा इंजिनाच्या आयुष्यासाठी राखून ठेवावा, जादा डिझेल जाळण्यासाठी खर्चू नये.

टर्बो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो, आणि दाबली की हवा तापते. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना हवेचा दाब दुप्पट केला, तर टर्बोतून ती साधारण १३० अंशांवर बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे दाब असूनही तिच्यात प्राणवायू कमी भरतो. इंटरकूलर ही रेडिएटरसारखीच जाळी. तिच्या नळ्यांतून पाण्याऐवजी ही दाबलेली हवा जाते. तिथे ती ६० अंशांपर्यंत उतरली, तर दाबातली किरकोळ घट वजा जाऊनही सिलिंडरमध्ये जवळपास पाचवा हिस्सा अधिक हवा मावते. डिझेल तेवढेच राहिले, तर एक्झॉस्टचे तापमानही जवळपास तितक्याच अंशांनी, कधी त्याहून थोडे जास्त, खाली येते. किनाऱ्यावर या उपायाला विशेष अर्थ आहे. मे महिन्यातल्या दमट दुपारी हवेतला सुमारे चार टक्के वाटा नुसत्या वाफेचा असतो, आणि उष्म्याने हवा आधीच विरळ झालेली असते. ज्या इंजिनाला टर्बोच नाही, त्याला मात्र इंटरकूलरचा काही उपयोग नाही.

एक्झॉस्टच्या तापमानाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर पिस्टनच्या धातूत आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडू लागतो. तरी पिस्टन टिकतो, कारण पेटलेला वायू त्याच्यावर सतत नसतो, मधल्या वेळात गार हवा आत येते आणि खालून ऑइलचा थंडावा मिळतो. चढ लांबला की हा तोल बिघडतो. टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये मोजलेले तापमान ७०० अंशांच्या वर फार वेळ राहू देऊ नये, असा जुन्या डिझेल इंजिनांसाठी ढोबळ दंडक आहे. नेमकी मर्यादा इंजिनागणिक बदलते. काळा धूर ही हवेच्या मानाने डिझेल जास्त पडत असल्याची खूण. अशा गाडीचा पंप वाढवला की ताकद वाढल्यासारखी वाटते, पण इंटरकूलरने उतरवलेले सत्तर अंश पुन्हा जागच्या जागी येतात. त्यात सिलिंडरमधला दाबही वाढलेला असतो, त्याचा ताण हेड गॅसकेटवर आणि बेअरिंगवर पडतो.

यावर पहिला आक्षेप असा की डॅशबोर्डवर तापमानाचा काटा असतोच, मग वेगळ्या मोजणीची गरज काय? तो काटा पाण्याचे तापमान दाखवतो. पाणी सावकाश तापते, एक्झॉस्ट काही सेकंदांत. पाण्याचा काटा हिरव्या पट्ट्यात असतानाही पिस्टन धोक्यात असू शकतो. म्हणून मॅनिफोल्डला भोक पाडून थर्मोकपल हा तापमापक बसवणे आणि त्याचा काटा चालकासमोर लावणे हे पहिले काम. भोक पाडताना निघालेला धातूचा कीस टर्बोत गेला तर पाती खराब होतात. ही काळजी घ्यायलाच हवी. टर्बोच्या पुढे मोजले तर आकडा शंभर-दोनशे अंशांनी कमी दिसू शकतो आणि चालक उगाच निर्धास्त राहतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरला तापलेली हवा मिळते. घाटात गाडी पंधरा-वीसच्या वेगाने चालते, तेव्हा समोरचा वाराही नसतो. हे खरे आहे. मासेमारीच्या बोटीवरच्या इंजिनाची हवा समुद्राच्या पाण्याने थंड करता येते. ट्रकला फक्त पंख्याचा वारा. त्यामुळे पंखा, त्याचा बेल्ट आणि भोवतीचे आवरण धड नसेल तर इंटरकूलर निम्मा वाया जातो. किनाऱ्यावरची खारी हवा जाळीचे पातळ पत्रे खाते, पावसाळ्यातला चिखल फटी बुजवतो. जाळी पंख्याच्या बाजूने, हलक्या धारेने धुवावी. जोराच्या धारेने पत्रे वाकतात. होज पाइपच्या क्लॅम्पपाशी ओलसर, तेलकट काळा डाग दिसला तर तिथून हवा गळते असे समजावे. साबणाचे पाणी लावून बेताच्या दाबाची हवा भरली की बुडबुडे जागा दाखवतात. अशी गळती असताना पंप वाढवणे म्हणजे रोगाला खाद्य घालणे.

तिसरा आक्षेप मालकांचा: गिअर उतरवला तर डिझेल जास्त जाते. चढावर वरचा गिअर धरून ॲक्सिलरेटर दाबून ठेवला की फेरे कमी होतात, टर्बोची हवा घटते आणि प्रत्येक फेऱ्यात डिझेल मात्र भरपूर पडते. एक्झॉस्ट तापण्याची ही हमखास वाट. वेळेवर गिअर उतरवला तर हवा वाढते आणि काटा खाली येतो. यात थोडे डिझेल जास्त गेले तरी इंजिन खोलण्याच्या खर्चापुढे ते किरकोळ आहे. घाटमाथ्यावर पोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता तीन-चार मिनिटे संथ चालू ठेवावे, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल करपते.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठाम केली. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारणा करावी. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत तर इंटरकूलर मुळातच असतो आणि डिझेलची मात्रा संगणक ठरवतो. तिथे हात घालण्याचे कारणच नाही. प्रश्न उरतो तो जुन्या गाड्यांचा. त्यांच्यासाठी क्रम साधा आहे: आधी काटा, मग पंखा, जाळी आणि होजची दुरुस्ती, त्यानंतर परवानगीने इंटरकूलर, पंप आहे तिथेच ठेवावा. घाटात त्या काट्यावरचा आकडा खाली आला आणि खालीच राहिला, तर इंटरकूलरचे पैसे वसूल झाले. तो पुन्हा जुन्या जागी चढला असेल, तर पंपाचा स्क्रू कोणी फिरवला हे मालकाने आधी विचारावे.