'क्रॅकडाऊन'ला घाबरू नका, कागद मागा

इंग्रजी वृत्तपत्रांतला 'क्रॅकडाऊन' हा शब्द आता मराठी बातम्यांतही दिसू लागला आहे. अशी बातमी आली की बारामती-इंदापूरच्या पेठेतील बेकरीवाले, फळवाले, किराणा दुकानदार धास्तावतात. म्हणून या शब्दाचा अर्थ आम्ही येथे देत आहोत.

क्रॅकडाऊन म्हणजे एखाद्या गोष्टीविरुद्ध सरकारने जोराने हाती घेतलेली कडक कारवाई. मराठीत आपण 'धडक मोहीम' किंवा 'कारवाईचा बडगा' म्हणतो. पण हा बातमीदाराचा शब्द आहे, कायद्याचा नव्हे. कायद्यात तपासणी, झडती, जप्ती, दंड असे वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येकाचे नियमही निराळे आहेत.

जीएसटी कायदा, 2017 मधील कलम 67 प्रमाणे दुकानाच्या झडतीला सहआयुक्त किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. राज्यात 2018 साली प्लास्टिकबंदी आली, तेव्हा पहिल्या गुन्ह्याला 5 हजार, दुसऱ्याला 10 हजार, तिसऱ्याला 25 हजार रुपये दंड व 3 महिन्यांपर्यंत कैद ठरली. मोहीम जोरात चालली म्हणून हे आकडे वाढत नाहीत.

तेव्हा व्यापारी बांधवांनी आपले परवाने व बिले जागेवर ठेवावीत. कोणी तपासणीस आले तर ओळखपत्र पाहावे, पंचनामा वाचूनच सही करावी, दंड भरल्यास पावती घ्यावी. पावतीविना मागितलेला पैसा हा दंड नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे.