घामाच्या पैशावर बँकांचा डल्ला

ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पातून आखातात राबायला गेलेला कष्टकरी घरी पैसे धाडतो, तेव्हा कात्री दोनदा लागते: उघड शुल्कात आणि विनिमय दरात. म्हणूनच 'शुल्क शून्य' ही जाहिरात पुष्कळदा फसवी असते.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या अनुयायांनी दराचा हिशेब न विचारावा काय? हा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांखाली आणण्याचे संयुक्त राष्ट्रांनी ठरवले, पण जागतिक सरासरी अजून दुपटीच्या आसपास आहे.

आम्ही सांगतो, पैसे धाडण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी एकच विचारा: घरच्या खात्यात नेमके किती रुपये पडतील? शुल्क दरखेपेस ठरावीक असेल तर तुकड्यांनी न पाठवता एकदम पाठवा. आणि पावती घ्याच.