वाळवीची वाट मातीतून येते

दिवाळीच्या आवराआवरीत भिंतीला टेकलेलं कपाट पुढे ओढलं जातं आणि मागे पेन्सिलीएवढी जाड, नागमोडी मातीची रेघ दिसते. कोकणात हाच धक्का गणपतीच्या आधी बसतो. माणसं मुंबईला, घर कितीतरी महिने कुलूपबंद, पावसाळाभर खिडक्या मिटलेल्या आणि भिंतींना ओल. दार उघडावं तर चौकटीचा रंग जागच्या जागी असतो, पण बोट दाबलं की आत जातं.

अशा वेळी रागाच्या भरात केरोसीन शिंपडलं जातं, केरसुणीने माती झाडली जाते आणि प्रश्न मिटला असं वाटतं. तो मिटलेला नसतो. दिसते ती वाळवीची वाट. तिचं घर बहुतेक वेळा जमिनीत, भिंतीपासून दूर असतं. वाळवीचा बंदोबस्त म्हणजे ही वाट कायमची तोडणं. हे एकदा ध्यानात आलं की पुढची कामं कोणत्या क्रमाने करायची ते आपोआप कळतं.

शत्रूची ओळख

वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात खरं, पण मुंगीशी तिचं नातं नाही. तिचं जवळचं गणगोत झुरळांचं आहे. जगात वाळवीच्या सुमारे ३००० जाती आहेत. त्यांतल्या मोजक्याच घराचं नुकसान करतात. बाकीच्या रानातला पालापाचोळा आणि मेलेलं लाकूड कुजवून माती सुपीक करतात.

वसाहतीत राजा-राणी, सैनिक आणि कामकरी असतात. वारूळ बांधणाऱ्या जातींची राणी दिवसाला हजारो अंडी घालते. लाकूड खातात ते कामकरी. बहुतेक जातींत ते आंधळे असतात, त्यांचं अंग मऊ असतं आणि उघड्या हवेत ते लवकर सुकून मरतात. म्हणून माती आणि लाळ कालवून ते झाकलेली नळी बांधतात आणि त्या ओलाव्यातून ये-जा करतात. आपल्याकडच्या ओडोंटोटर्मिस गटातल्या वाळव्या चघळलेल्या लाकडावर वारुळात चक्क बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी, चवीने खाल्ली जाणारी अळंबी याच बुरशीची.

पहिल्या मोठ्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे गर्दी करतात. ते नव्या वसाहतीसाठी निघालेले नर-मादी. बाहेरून दिव्याकडे आले तर घाबरू नये. पण ते घरातल्याच भिंतीच्या किंवा चौकटीच्या फटीतून निघत असतील, तर वाळवी घरात पोचली आहे असं समजावं.

मातीची की सुक्या लाकडाची?

उपाय करण्याआधी वाळवी कोणती हे ठरवावं. मातीतून येणारी वाळवी मातीच्या नळ्या बांधते आणि खाल्लेल्या लाकडात चिखल भरते. सुक्या लाकडातली वाळवी मातीशी संबंधच ठेवत नाही. ती खुर्चीत किंवा पलंगाच्या पायातच संसार करते. तिच्याकडून लाकडाखाली खसखशीसारखे, सहा बाजूंचे कोरडे बारीक दाणे पडतात. मऊ पिठासारखी भुकटी पडत असेल तर ते काम वेगळ्या किड्यांचं, भुंगेऱ्यांचं.

तपासणीला बॅटरी आणि पेचकस पुरतात. चौकटींचे जमिनीलगतचे भाग, न्हाणीघराच्या भिंती, ओट्याखालची कपाटं, विजेच्या पट्ट्या, माळा आणि वाशांची भिंतीत गेलेली टोकं पाहावीत. पेचकसाच्या मुठीने लाकूड ठोकावं. पोचट आवाज आला तर आत पोकळी आहे. नळीचा थोडासा तुकडा फोडून ठेवावा. काही दिवसांत तो बुजवला गेला, तर वाळवी जिवंत आहे. बाकी नळ्या उपचार होईपर्यंत राहू द्याव्यात, म्हणजे औषध कुठे द्यायचं ते कळतं. आढं, तुळई किंवा खांब पोखरला असेल तर आधी टेकू द्यावा आणि जाणकार सुताराला किंवा इंजिनिअरला दाखवावा.

उपचाराचा क्रम

पहिलं काम पाण्याचं. गळका पाइप, फुटलेलं कौल, भिंतीशी साचणारं पाणी दुरुस्त करावं. भिंतीला टेकलेली सरपणाची रास आणि जुनी खोकी हलवावीत.

दुसरं काम जमिनीचं. उभ्या इमारतीसाठी भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात पद्धत दिली आहे. भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण ३०० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटर व्यासाची भोकं पाडायची, त्यांतून औषधाचं पाणी खालच्या मातीत मुरवायचं आणि भोकं बुजवायची. इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाचा वाळवीला वास येत नाही. ती त्यातून फिरते आणि ते सोबतिणींपर्यंत नेते. नुसत्या लाकडावरच्या फवाऱ्याने हे साधत नाही.

तिसरं काम लाकडाचं. पोखरलेला भाग कापून काढावा, उरलेल्या लाकडात बारीक भोकांतून औषध भरावं. घरातल्या, पावसात न भिजणाऱ्या कोऱ्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक आम्लाचं द्रावण चांगलं. सुक्या लाकडातल्या वाळवीला हाच तिसरा टप्पा लागू पडतो. फारच पोखरलेली वस्तू घराबाहेर काढणं शहाणपणाचं.

ही औषधं विषारी आहेत. विहिरीजवळच्या मातीत ती अजिबात मुरवू नयेत. मासे आणि मधमाश्या त्यांनी मरतात. काम देताना पेस्ट कंट्रोलवाल्याकडे कृषी विभागाचा परवाना पाहावा, औषधाचं नाव बिलावर लिहून घ्यावं, मुलं आणि जनावरं दूर ठेवावीत.

नवं काम करताना

आपल्या वाड्यांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असे. लाकूड मातीला टेकत नसे. तेच तत्त्व आजही खरं. बांधकाम संपल्यावर जमिनीत राहिलेल्या फळ्या, खुंट आणि मुळं काढून टाकावीत, कारण वाळवीची पहिली मेजवानी तिथेच होते. पाया भरतानाच मातीत औषध मुरवून घेणं सगळ्यात स्वस्त पडतं.

सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, म्हणून तो टिकतो. त्याच सागाचा सालीकडचा फिका भाग मात्र वाळवी खाते. आंबा आणि सावरीचं लाकूड तर ती सहज फस्त करते. प्लायवूड पाण्याला टिकणारं आहे म्हणून वाळवीलाही टिकेल असं नाही. त्यावर वाळवीविरोधी प्रक्रिया झाली आहे का, हे वेगळं विचारावं. कोकणात वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात. तो उपाय चांगला आहे, पण त्या तेलाने कातडी भाजते, तेव्हा हातमोजे हवेत.

गावाकडचं घर बंद ठेवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, पोथ्या आणि जमिनीचे कागद लोखंडी मांडणीवर उंच ठेवा, महिन्यातून एकदा शेजाऱ्याकडून खिडक्या उघडून घ्या. पावसाआधी आणि दिवाळीला, अशी वर्षातून दोनदा बॅटरी घेऊन भिंतींचे कोपरे तपासा. वाळवी लवकर सापडली तर एक चौकट बदलून भागतं. उशिरा सापडली तर छप्पर उतरवावं लागतं.