म्हातारपणाची पेरणी आणि आजचे आंतरपीक

नोकरदाराला निवृत्तीची तारीख असते. त्या दिवशी हार, नारळ आणि पुढे काही ना काही निवृत्तिवेतन मिळते. शेतकऱ्याला अशी तारीख नसते. हातपाय चालतात तोवर तो शेतात जातो आणि ज्या दिवशी ते थांबतात त्या दिवशी तो निवृत्त होतो. हा दिवस कधी येईल हे आधी कळत नाही. म्हणून म्हातारपणाची तजवीज हा विषय नोकरदारापेक्षा शेतकऱ्याच्याच अधिक जिव्हाळ्याचा आहे. तरीही पीक कर्ज, खते, बियाणे यांवर आपण जेवढे बोलतो त्याच्या शतांशानेही या विषयावर बोलत नाही.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. सारे आयुष्य काटकसरीत घालवून म्हातारपणी हाती पैसा आला, पण तो उपभोगण्याची ताकद उरली नाही, तर त्या पैशाचा उपयोग काय? या दोन्ही गोष्टींचा मेळ कसा घालावा, याचा विचार या लेखात केला आहे.

एका घरातील दोन उदाहरणे

दुसऱ्यांची उदाहरणे देण्यापेक्षा घरचेच सांगतो. आमचे वडील आणि धाकटे काका यांना वाटणीत सारखीच जमीन आली. कोरडवाहू, मध्यम प्रतीची, कपाशी आणि बाजरीची. वडिलांनी प्रत्येक पट्टीतून थोडे तरी बाजूला टाकले. पण आईने रामेश्वरला जाऊ म्हटले की त्यांचे उत्तर ठरलेले असे, "पुढच्या वर्षी बघू." अशी तीस वर्षे गेली. मला नोकरी लागल्यावर मी दोघांची तिकिटे काढली, तेव्हा वडिलांच्या गुडघ्यांनी साथ सोडली होती. तिकिटे परत करावी लागली.

काकांनी मात्र आयुष्य मोकळेपणाने घालवले. गावातील पहिली मोटारसायकल त्यांची. मुलींची लग्ने थाटात झाली, प्रत्येक लग्नामागे एक एकर गेला. आम्हा पोरांना त्यांनीच वेरूळ दाखवले, सिनेमा दाखवला. आज त्यांचे वय सत्तरीकडे झुकले आहे. औषधाच्या चिठ्ठीसाठी त्यांना सुनेच्या तोंडाकडे पाहावे लागते. वडिलांना तसे पाहावे लागत नाही. पण समुद्राचा विषय निघाला की वडील उठून बाहेर जातात.

दोघांपैकी चूक कोणाची? मला वाटते, दोघांनीही एकच चूक केली. एकाने आजचा वाटा काढला नाही, दुसऱ्याने उद्याचा काढला नाही. दोघांनीही वाटे पाडलेच नाहीत.

शेंद्रा-बिडकीनचा धडा

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, तो दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी शेंद्रा आणि बिडकीन परिसरातील जमिनी गेल्या तेव्हा. एकरी सुमारे 23 लाख रुपये असा मोबदला ठरला. ज्या घराने कधी एकरकमी लाखभर रुपये पाहिले नव्हते, त्याच्या खात्यात एकाच दिवशी आयुष्यभराची कमाई जमा झाली. काहींनी दुसरीकडे जमीन घेतली, काहींनी ठेवी केल्या, तर काहींचा पैसा चारचाकी, घर आणि लग्नकार्य यांत गेला.

या रकमेचा हिशोब करून पाहू. 23 लाख रुपये 7 टक्के व्याजाने ठेवले तर वर्षाला 1 लाख 61 हजार, म्हणजे महिन्याला सुमारे 13 हजार 400 रुपये व्याज मिळते. रक्कम बरी दिसते. पण महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर सुमारे 12 वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात. मुद्दल तेवढेच आणि व्याज तेवढेच. मात्र त्यात येणारे धान्य, औषध आणि डिझेल निम्म्यावर येते. त्याऐवजी पहिल्या वर्षी 1 लाखच खर्च केला आणि पुढे महागाईप्रमाणे हा खर्च दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढवत नेला, तर तीच रक्कम सुमारे 25 वर्षे पुरते. दारात गाडी आली म्हणजे त्यातले किती महिने कमी झाले, हे ज्याचे त्याने काढावे. गाडी घेऊ नये असे नाही. पण ती कोणत्या वाट्यातून घेतली, हे ठाऊक असावे.

जमीन गेली नाही तरी असाच प्रसंग येतो. 2023 साली अद्रकीला चढे भाव मिळाले. त्यानंतरच्या काळात भाव घसरले. चढ्या वर्षाची पट्टी कायमची समजून ज्यांनी खर्च वाढवला, त्यांना घसरत्या वर्षी हात आखडावा लागला.

मोसंबीच्या बागेचे उदाहरण

मोसंबी उत्पादकांना हा विषय समजावून सांगण्याची गरज नाही. 6 बाय 6 मीटरवर हेक्टरी 277 झाडे लावली, तरी पहिली चार-पाच वर्षे फळ हाती येत नाही. म्हणून कोणी बाग लावायचे सोडत नाही आणि तेवढी वर्षे घर उपाशीही ठेवत नाही. झाडांच्या ओळींमध्ये मूग, उडीद, भुईमूग अशी आंतरपिके घेतो. आंतरपीक आजचे, बाग उद्याची. पथ्य एकच, आंतरपिकाने झाडाचे पाणी आणि अन्न ओढून घेता कामा नये. हौसमौज हे आयुष्याचे आंतरपीक आहे. ते घ्यावेच, पण झाडाच्या आळ्यात घेऊ नये.

बाग आणखी एक गोष्ट शिकवते. 2012-13 च्या दुष्काळात जालना आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील मोसंबीच्या अनेक बागा वाळून गेल्या. पंधरा-वीस वर्षे जपलेली झाडे सरपणाला गेली. ज्यांनी म्हातारपणाचा सारा भरवसा एकट्या बागेवर ठेवला होता, त्यांच्यापाशी दुसरे काही उरले नाही. म्हणून सगळी तजवीज एकाच ठिकाणी नसावी. जमीन हाही एकच ठिकाणा आहे. ती कसणारा असेल तरच ती पोसते.

लवकर सुरुवात का?

दोन शेतकरी दरवर्षी 12 हजार रुपये 7 टक्के व्याजाने साठवतात असे धरू. पहिला तिसाव्या वर्षी सुरू करतो, दुसरा पंचेचाळिसाव्या. साठाव्या वर्षी पहिल्याकडे सुमारे 11 लाख 33 हजार, तर दुसऱ्याकडे सुमारे 3 लाख 1 हजार रुपये जमतात. पहिल्याने भरलेली रक्कम दुप्पट, पण जमलेली जवळजवळ पावणेचार पट. दुसऱ्याला पहिल्याइतके जमवायचे झाले तर दरवर्षी सुमारे 45 हजार भरावे लागतील. लवकर पेरलेल्याला ओल सापडते, तसाच हा प्रकार आहे.

मात्र येथेही महागाई विसरू नये. 6 टक्के दराने आजच्या 1 हजार रुपयांच्या खर्चाला 30 वर्षांनी सुमारे 5 हजार 700 रुपये लागतील. त्यामुळे भरणा एकाच आकड्यावर न ठेवता उत्पन्नाच्या हिश्श्यात ठेवावा. उत्पन्न वाढले की तोही आपोआप वाढतो.

रुपयातील आणे

जुन्या हिशोबात रुपयाचे सोळा आणे असत. तोच हिशोब येथे सोयीचा पडतो. लागवडीचा खर्च आणि पीक कर्जाचा हप्ता वजा जाता जी निव्वळ रक्कम उरते, तिचे वाटे पट्टी हाती आल्याबरोबर पाडावेत :

1. दोन आणे म्हातारपणाचे. 1 लाख निव्वळ उरले तर साडेबारा हजार. ज्याप्रमाणे बियाण्याचे धान्य खाण्याच्या धान्यात मिसळत नाही, त्याप्रमाणे ही रक्कम घरखर्चात मिसळू नये.

2. एक आणा हौसेचा. 1 लाखाला सव्वासहा हजार. यात्रा, प्रवास, घरधनिणीच्या मनातली एखादी वस्तू. हा वाटाही त्याच कारणासाठी खर्च करावा, पुढच्या वर्षावर ढकलू नये.

3. उरलेले तेरा आणे घर, शिक्षण, आजारपण आणि पुढील हंगाम यांसाठी.

दुष्काळी वर्षी पहिले दोन्ही वाटे थांबवावे लागले तरी चालेल. चांगल्या वर्षी म्हातारपणाचे दोनाचे चार आणे करावेत. हे प्रमाण म्हणजे शास्त्राचा नियम नव्हे. प्रत्येकाने आपले घर पाहून ते ठरवावे, पण ठरवावे जरूर.

पैसा कोठे ठेवावा?

प्रथम सावकाराचे देणे फेडावे. शेकडा 3 रुपये महिना म्हणजे वर्षाला 36 टक्के झाले. एवढे व्याज कोणतीही सुरक्षित ठेव देत नाही. त्यानंतर पुढील मार्गांचा विचार करावा :

प्रधानमंत्री किसान मानधन योजना : 2019 साली सुरू झालेली ही योजना 18 ते 40 वर्षे वयाच्या, 2 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांसाठी आहे. प्रवेशाच्या वयानुसार महिना 55 ते 200 रुपये भरावे लागतात व तेवढीच रक्कम केंद्र सरकार घालते. साठीनंतर महिना 3 हजार रुपये मिळतात. महागाईमुळे एवढ्यावर भागणार नाही, पण पाया म्हणून ही योजना चांगली आहे.

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी : टपाल कार्यालयात किंवा बँकेत खाते उघडता येते. मुदत 15 वर्षे असून पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. वर्षाला किमान 500 व कमाल दीड लाख रुपये भरता येतात. दरमहा भरण्याची सक्ती नसल्याने हंगामावर चालणाऱ्या उत्पन्नाला हे खाते सोयीचे आहे. कर्जवसुलीसाठी न्यायालयाच्या हुकमानेही या खात्यावर जप्ती येत नाही. व्याजदर सरकार तीन महिन्यांनी ठरवते. एप्रिल 2020 मध्ये तो 7.1 टक्के ठरला होता.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना : साठी उलटलेल्यांना एकरकमी पैसा ठेवून दर तीन महिन्यांनी व्याज घेता येते. 2023 पासून तिची मर्यादा 30 लाख रुपये करण्यात आली.

वाटणी करताना

जुन्या वाटण्यांत आईवडिलांच्या पोटापुरती जमीन वेगळी राखण्याची रीत होती. तिला जिवाई म्हणत. ही रीत मोडू नये. हयातीत सारा सातबारा मुलांच्या नावे करण्याची घाई नको. बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार अशी अट न पाळल्यास ते हस्तांतर रद्द करून मागता येते. मुलांवर अविश्वास म्हणून हे करायचे नाही. मागे काही राहिले म्हणजे मुलांनाही सांभाळणे जड जात नाही.

पत्नीच्या नावे एक खाते अवश्य असावे. 1990 च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेऊन पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते. निंदणी-वेचणीत जिचे आयुष्य गेले, तिच्या म्हातारपणाचा विचार सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून राहून जाऊ नये.

शेतकरी बंधू-भगिनींनो, येत्या हंगामाची पट्टी हाती पडेल त्या संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून वाटे पाडावेत. दोन आणे खात्यात जावेत. एका आण्यातून कोठे जायचे ते घरधनिणीला विचारावे आणि गुडघे चालतात तोवर जाऊन यावे. आमच्या आईवडिलांना मी यंदा पैठणला नेले. गाडी थेट नाथसागराच्या काठापर्यंत गेली. आई पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "समुद्र याहून मोठा असेल ना?" वडील काही बोलले नाहीत.