कोपीतली ऊब

दिवाळी सरली की बीड तालुक्यातल्या चौसाळ्याच्या आसपास कितीतरी घरांना कुलपं लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयते, भांडीकुंडी आणि लेकरं घेऊन बिऱ्हाडं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात. तिथं राहायला कोपी. बांबूचा सांगाडा, त्यावर चटया, वरून उसाचं पाचट. दार इतकं बुटकं, की वाकूनच शिरावं लागतं.

हंगामापुरतं घर, तेही हाताशी असेल त्याच मालाचं, ही रीत कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइट लोकांचीही. हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावर सीलच्या शिकारीला गेले, की वाऱ्यानं घट्ट बसलेला हिम कापून ते इग्लू रचत. अशा हिमातही निम्म्याहून अधिक जागा हवेनंच व्यापलेली असते. ही कोंडलेली हवा उष्णतेला सहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून बाहेर उणे ४० अंश असताना आत पारा शून्याच्या आसपास राहतो. तापवायला असतो सीलच्या चरबीचा दिवा आणि माणसांची अंगं. झोपलेला मोठा माणूससुद्धा ७०-८० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो.

पाचटाचं कामही हेच. पानापानांमध्ये अडकलेली हवा रात्रभर ऊब धरते. अलीकडं पाचटाऐवजी नुसती ताडपत्री दिसते. ती पाऊस अडवते, थंडी नाही. निरभ्र रात्री ती उष्णता आकाशाकडं फेकून गार पडते, श्वासातली वाफ तिच्या आतल्या बाजूला जमते आणि पहाटे अंथरुणावर ठिबकते.

इग्लूची खरी करामत मात्र जमिनीलगत असते. आत यायचा बोगदा खालच्या पातळीवर, झोपायचा ओटा वर, त्यावर कॅरिबूची कातडी. गार हवा जड, ती खालीच साचते. कोपीत अंथरूण थेट भुईवर, आणि बागायती पट्ट्यातली भुई ओलसर. अंगाखालून जाणारी ऊब कितीही वाकळी पांघरल्या तरी थांबत नाही. त्यासाठी वीतभर सुकं पाचट अंगाखालीच हवं.

दोन्ही घरांची तुलना मला एका मर्यादेपर्यंतच पटते. इग्लू बांधणारा आपल्या शिकारीचा धनी होता. कोपीतल्या जोडप्याला पहाटेच्या अंधारात दुसऱ्याच्या फडात उतरायचं असतं. शिवाय हिमाच्या भिंतीआड दिवा निर्धास्त तेवतो. पाचट ठिणगीनं पेटतं, म्हणून कोपीतली चूल दाराबाहेर मांडलेलीच बरी. मग आत तापवायला उरतात ती फक्त माणसं.