दोरांनी तोलून धरलेला पूल

एका लांब दोरीच्या मधोमध पाण्याने भरलेली बादली अडकवा आणि दोरीची दोन टोके दोघांनी धरा. जवळजवळ उभे राहिलात तर बादली सहज उचलली जाईल. आता एकमेकांपासून दूर सरका. वजन तेवढेच, पण हात भरून येतात. कितीही जोर लावा, दोरी अगदी सरळ आडवी होणार नाही!

असे का? दोरी तिरपी ओढते आणि त्या ओढीचा फक्त उभा भाग वजन उचलतो. १० टन वजन उचलणारा दोर आडव्या पातळीशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर त्याला २० टनांचा ताण सोसावा लागतो. कोन १५ अंशांवर आला की हाच ताण सुमारे ३९ टनांवर जातो.

आता कोलकात्याला हुगळी नदीवर चला. तेथील जुना हावडा पूल १९४३ साली वाहतुकीस खुला झाला, तर विद्यासागर सेतू १९९२ साली. गंमत अशी, की दोन्ही पुलांचा मुख्य गाळा सुमारे ४५७ मीटरचाच. पण विद्यासागर सेतूचा रस्ता दोन पोलादी मनोऱ्यांच्या माथ्याकडून पंख्यासारख्या पसरलेल्या पोलादी दोरांनी तोलला आहे. गाळ्याच्या मध्याजवळचे दोर सर्वांत तिरपे, म्हणून त्यांची ओढही मोठी. मनोरे बुटके असते तर ती आणखी वाढली असती. सुमारे १२८ मीटर उंचीचे मनोरे केवळ शोभेसाठी नाहीत!

ओढीचा आडवा भाग वाया जात नाही. तो रस्त्याखालच्या पोलादी तुळयांना मनोऱ्याच्या दिशेने दाबतो. दोन्ही बाजूंचे दाब एकमेकांना तोलतात, त्यामुळे अशा पुलाचा रस्ता नदीत परांची न बांधता तुकड्यातुकड्याने पुढे नेता येतो. खालून नावा चालू राहतात.

एक पेच मात्र उरतो. मनोऱ्याच्या नदीकडील बाजूला अर्धा गाळा, म्हणजे सुमारे २२९ मीटर लांबीचा रस्ता. काठाकडील गाळा फक्त १८३ मीटरचा. सी-सॉवर एका बाजूला जड मुलगा बसला तर दुसरे टोक वर जाते ना? येथेही काठाकडील टोक वर उचलले जाऊ पाहते. म्हणून टोकाच्या खांबांनी पूल नुसता पेलून भागत नाही. त्यांना तो खाली खेचून धरावा लागतो.