७७ लेख, ४१ दुरुस्त्या

बचत खात्यात १०,००० डॉलर ठेवले, व्याजदर वर्षाला ३ टक्के. वर्षअखेर व्याज किती? शाळकरी पोरही ३०० सांगेल. ‘सीनेट’ या अमेरिकी संकेतस्थळाने एका लेखात १०,३०० सांगितलं. मुद्दलच व्याजात धरल्यामुळे उत्तर ३४ पट फुगलं. हा लेख चक्रवाढ व्याज समजावून देण्यासाठीच लिहिलेला होता!

लिहिलेला म्हणजे यंत्राने लिहिलेला. नोव्हेंबर २०२२ पासून सीनेटने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून असे ७७ लेख करून घेतले. लेखकाच्या जागी नुसतं ‘सीनेट मनी स्टाफ’ असे. खरी गोष्ट कळायला त्या नावावर क्लिक करावं लागे. जानेवारी २०२३मध्ये बोभाटा झाला, फेरतपासणी झाली आणि ४१ लेख दुरुस्त करावे लागले. म्हणजे ५३ टक्के. त्यांतल्या बऱ्याच चुका किरकोळ होत्या, कुठे अपुरं कंपनीनाव, कुठे उलटसुलट झालेले आकडे. पण हे सगळे लेख माणसांनी तपासूनच छापल्याचा दावा होता.

यंत्राला बोल लावून भागणार नाही. लेखाखालच्या दुव्यावरून वाचकाने क्रेडिट कार्ड घेतलं की संकेतस्थळाला दलाली मिळते. तेव्हा लेख गूगलवर वर दिसला पाहिजे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा उरते. तो बरोबर असण्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही.

या धंद्याचा भावही पाहा. २००८मध्ये सीबीएसने सीनेट १८० कोटी डॉलरना घेतलं. २०२०मध्ये रेड व्हेंचर्सने ५० कोटींना. २०२४मध्ये झिफ डेव्हिसला ते १० कोटींच्या थोडं वर पडलं. या सौद्यांत इतर संकेतस्थळंही कमीजास्त होती, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. उतार मात्र स्पष्ट आहे. मधल्या काळात, २०२३मध्ये, गूगलवरचं स्थान सुधारावं म्हणून सीनेटने आपले हजारो जुने लेख काढून टाकले. जुनं म्हणून काढण्यात फायदा नाही, असं खुद्द गूगलच सांगत होतं.

मग दर्जा राखला की निभावतं का? तसंही नाही. ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाचे १९८०च्या दशकाअखेर अमेरिकेत सुमारे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. २०२२अखेर ते १८ लाखांच्याही खाली आले आणि २०२३मध्ये उरलेसुरले पगारी लेखकही घरी गेले. तिथे मजकुराला कुणी नावं ठेवत नव्हतं. वाचक फोनवर गेला आणि जाहिरातदार त्याच्या मागोमाग.

वर्गणीवर चालणाऱ्या मासिकात चूक झाली, तर वर्गणीदार पत्र लिहून संपादकाचे कान उपटतो. शोधयंत्रावरून आलेला वाचक पुन्हा फिरकतच नाही. त्याच्या रागाला भ्यायचं कुणी? म्हणून पैशांविषयीचा लेख वाचायला घेताना आधी खाली उतरून पाहा, त्याला कुठल्या कार्डाचा अर्ज जोडलाय. आणि व्याजाचा हिशेब स्वतःच करा.